सायलेन्सरला चिकटलेला बूट

सप्टेंबरातल्या रविवारी साताऱ्याहून कासच्या पठारावर जायचं म्हणजे फुलं दिसायच्या आधी पुढच्या गाड्यांचे लाल दिवे बघत बसायचं. यवतेश्वरच्या घाटात रांग लागते, गाडी पहिल्या गिअरवर रांगत राहते, वारं लागत नाही आणि इंजिनाची सगळी धग पायाशी साठते. गेल्या मोसमात सांगलीहून भाचा बुलेट घेऊन आला होता. तो पुढे, मी मागे. वरून भुरभुर चालू, म्हणून त्याच्या पायात गमबूट आणि माझ्या अंगात रेनकोट. घाट संपून वर आलो तर नाकात वास शिरला, चुलीत प्लास्टिकची पिशवी पडल्यासारखा.

"मामा, क्लच जळाला काय?"

क्लच शाबूत होता. त्याच्या उजव्या बुटाची टाच पुढच्या बेंड पाईपला टेकली होती आणि माझ्या रेनकोटच्या पँटीचा काठ मागच्या नळकांड्याला. उतरून पाहिलं तर चकचकीत क्रोमवर दोन सह्या: पुढे बोटभर लांबीचा काळा, डांबरासारखा थर आणि मागे निळसर, सुरकुतलेला पापुद्रा. भाचा लगेच गाडीची किल्ली काढून खरवडायला वाकला. त्याचा हात धरला, तेवढंच त्या दिवशी मला सुचलेलं शहाणपण. बाकीचं पुढच्या दोन दिवसांत आलं, थोडं रसायनशास्त्राच्या पुस्तकांतून आणि बरंचसं एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडून. त्यांनी डागावरून नख फिरवलं आणि म्हणाले, "ही घाण वर बसलीया, आत न्हाई शिरली. पर तुम्ही चरा पाडला, तर त्यो मातर आत शिरंल."

सगळी कृती या दोन वाक्यांत आहे. पण ती नीट कळायला आधी क्रोम म्हणजे काय ते कळायला हवं.

ज्यांनी लहानपणी दारात कल्हईवाला पाहिला आहे त्यांना हे समजावणं सोपं आहे. पितळेचं पातेलं भात्यावर तापवायचं, नवसागर फिरवायचा, कथलाचा तुकडा टेकवून कापसाच्या बोळ्यानं तो सगळीकडे पसरवायचा. पातेलं पितळेचंच राहतं, फक्त आतून चांदीसारखा पदर येतो. क्रोम हा त्या कल्हईचा लांबचा भाऊ. फरक इतकाच, की तो वितळवून फासत नाहीत. रसायनाच्या टाकीत पाईप बुडवून विजेच्या प्रवाहानं चढवतात. आधी पोलादी पाईप घासून गुळगुळीत करायचा, त्यावर निकेलचा थर द्यायचा, साधारण १० ते ३० मायक्रॉन जाडीचा, आणि सगळ्यात शेवटी क्रोमियमचा. हा शेवटचा थर किती असावा? शोभेच्या कामात बहुधा पाव ते अर्धा मायक्रॉन. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे एका केसाचे दीडशे-पावणेतीनशे पदर उकलले तर त्यातला एक पदर जेवढा, तेवढं क्रोम. आपण ज्याला 'क्रोमची चकाकी' म्हणतो ती खरं तर बरीचशी खालच्या निकेलची असते. नुसतं निकेल उघडं ठेवलं तर ते पिवळसर दिसतं आणि हळूहळू मंद पडतं. क्रोम त्यावर निळसर थंड झाक देतो आणि हवेला आत येऊ देत नाही. क्रोमियमवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे एक अदृश्य पापुद्रा आपोआप धरतो, तो निघाला तरी पुन्हा धरतो. व्होक्लँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं हे मूलद्रव्य १७९७ साली शोधलं, पण त्याचा मुलामा कारखान्यांतून द्यायला १९२० च्या दशकापर्यंत थांबावं लागलं.

आता कठीणपणाचं गणित. खनिजांचा कठीणपणा मोजायची मोहस यांची १ ते १० अशी पट्टी आहे. त्यात नख अडीचच्या आसपास बसतं, पितळ तीन-चारच्या, नदीतली वाळू सातला, आणि क्रोमियम साडेआठच्या घरात. या हिशेबानं कृष्णेच्या वाळूनंही क्रोमवर ओरखडा उठायला नको, मग किल्लीची काय कथा? हिशेब बरोबर आहे, पण अर्धा. दाट सायीवर काचेचा पातळ पापुद्रा ठेवा आणि बोटानं दाबा. बोट काचेपेक्षा मऊ आहे, तरी काच तडकते, कारण खालची साय दबते. क्रोमच्या खालचं निकेल असंच दबतं. किल्लीच्या टोकाचा सगळा जोर सुईच्या अग्राएवढ्या जागेवर येतो, निकेल खचतं आणि वरचा पदर भंगतो. तिथून पाणी आत उतरतं, पोलादाला पोचतं आणि चार महिन्यांनी तांबूस ठिपका वर येतो. सांगलीकरांनी २०१९ च्या महापुरानंतर असे ठिपके पुष्कळ पाहिले आहेत. दुरून अखंड दिसणाऱ्या क्रोमला किती बारीक भेगा असतात, ते पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांनी दाखवलं.

तेव्हा नियम असा: हत्यार प्लास्टिकपेक्षा कठीण हवं, क्रोमपेक्षा मऊ हवं, आणि त्याला टोक नको. बांबूची चपटी कामटी, आइस्क्रीमची काडी, जुनं एटीएम कार्ड, लाकडी उलथन्याची कड, पितळी ब्रश. मिस्त्रींच्या डब्यात पितळेच्या पट्टीचा एक घासून गोल केलेला तुकडा होता. त्यांच्या म्हणण्यानुसार तो त्यांच्या धाकट्या मुलापेक्षा जुना.

दुसरी बाजू वितळलेल्या मालाची. 'रबर चिकटलं' असं आपण सरसकट म्हणतो, पण खरं रबर, म्हणजे गंधक घालून भाजलेलं, टायरच्या जातीचं, वितळतच नाही. ते तापलं की जळतं, चिघळतं, काळा चिकटा सोडतं. वितळतात ती प्लास्टिकं. स्वस्त गमबूट बहुतेक पीव्हीसीचे असतात, आणि पीव्हीसी ऐंशी अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतं. स्पोर्ट शूजच्या तळव्यातला हलका फोम ईव्हीएचा, तो शंभराच्या आतच लोळागोळा होतो. चांगल्या ट्रेकिंग बुटांचा तळवा पॉलियुरेथेनचा किंवा खऱ्या रबराचा, तो जास्त तग धरतो. रेनकोटचं कापड नायलॉनचं किंवा पॉलिएस्टरचं आणि त्याला आतून पातळ लेप. नायलॉन २२० अंशांच्या आसपास वितळतं, पॉलिएस्टर अडीचशेच्या पुढे, पण लेप आधीच पातळ होऊन गोंदासारखा चिकटतो आणि मग कापड ओढलं जातं. २०१८ साली बंदी आलेली, तरी मंडईत अजून हातात पडणारी पातळ कॅरीबॅग पॉलिथिनची. ती शंभर-सव्वाशेला गळते.

आणि सायलेन्सर किती तापतो? इंजिनातून बाहेर पडणारा वायू पाचशे-सहाशे अंशांचा असू शकतो. बेंड पाईपचा पत्रा त्यामुळे दोन-तीनशेच्या घरात सहज जातो, मागचं नळकांडं शंभर-दीडशेच्या. चालत्या गाडीला वारा थोडं सावरतो. घाटातल्या रांगेत तोही नाही. म्हणून सातारा ते सांगली, कराड-पेठ नाका-इस्लामपूरमार्गे, पावसात तीन तास गाडी हाणली तरी बुटाला काही होत नाही आणि कासच्या रांगेत वीस मिनिटांत टाच वितळते.

आमच्या दोन डागांचं निदान इथे झालं. पुढचा डाग पीव्हीसीचा, खूप तापलेल्या पाईपवर, त्यामुळे वरून मऊ पण तळाशी करपलेला. मागचा नायलॉनचा आणि लेपाचा, कमी तापलेल्या जागेवर, न करपलेला. दोघांना औषध वेगळं.

मागच्यापासून सुरुवात केली, कारण तो सोपा. पहिली पायरी गाडी पूर्ण गार होऊ देण्याची. रात्रभर. भाच्याला हे जड गेलं, पण गार झालेलं प्लास्टिक आकसतं आणि ठिसूळ होतं, तर खालचा धातू वेगळ्या प्रमाणात आकसतो. दोघांची पकड आपोआप सैल होते. सकाळी फडक्यात बर्फाचे खडे गुंडाळून पापुद्र्यावर पाच मिनिटं दाबून धरले आणि कामटी काठाखाली सरकवली. अर्ध्याहून जास्त पापुद्रा वाळलेल्या सालीसारखा सुटून हातात आला. कॅरीबॅग चिकटली असेल तर हीच रीत उत्तम, कारण पॉलिथिनला घरगुती तापमानात कुठलाच द्राव विरघळवत नाही. थिनरची बाटली संपेल, पिशवी तशीच राहील.

जे गारव्यानं सुटत नाही त्याला ऊब द्यायची. इथेच लोक चुकतात. वितळलं उष्णतेनं, तर जास्त उष्णतेनं निघेल असं वाटतं, आणि गाडी दहा मिनिटं रेस करून ठेवतात. मग प्लास्टिक निघत नाही, भाजतं. आपल्याला हवी आहे कोमट आणि गरम यांच्यामधली स्थिती, लाडवासाठी पाक जसा नेमक्या तारेवर उतरवायचा तशी. थर्मामीटर कोणाकडे असतो? त्यासाठी तव्याची परीक्षा वापरा. ओलं बोट झटकून पाईपवर पाण्याचा थेंब टाका. थेंब मुकाट पसरून सावकाश वाळला तर पत्रा पन्नास ते ऐंशी अंशांत आहे: हीच आपली वेळ. 'चर्र' आवाज आला तर शंभराच्या वर गेला: थांबा. आणि थेंब गोळी होऊन टणाटणा नाचायला लागला तर दोनशेच्या आसपास किंवा त्याहून वर. तिथे हात सोडा, बूटही नेऊ नका. नाचणाऱ्या थेंबाखाली त्याच्याच वाफेची गादी तयार होते, म्हणून तो उशिरा आटतो. लायडेनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरनं १७५६ साली तापलेल्या लोखंडी पळीवर हे पाहून लिहून ठेवलं. आपल्याकडे भाकरी थापणारीला ते न लिहिताच ठाऊक आहे.

तर गाडी मोकळ्या हवेत उभी करून दोन-तीन मिनिटं चालवायची, बंद गॅरेजमध्ये कधीच नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. इंजिन बंद करायचं, थेंबाची परीक्षा घ्यायची, हातात जाड सुती मोजे घालायचे आणि कामटी सपाट धरून पुढे ढकलायची. उभी धरून खरवडायचं नाही. मऊ झालेला थर लोण्यासारखा गोळा होतो; गोळा झाला की लगेच फडक्यानं उचलायचा, नाहीतर पुढे जाऊन पुन्हा चिकटतो. फडकं सुती हवं. जुनं बनियन सर्वांत चांगलं. टेरिकॉटचा तुकडा घेतलात तर एका डागाचे दोन होतील. पत्रा गार झाला की पुन्हा दोन मिनिटं तापवायचा. भाच्याच्या गमबुटाच्या डागाला अशा चार फेऱ्या लागल्या आणि वरचा जाड थर गेला. उरला तो तपकिरी, करपलेला, कागदाएवढा पातळ तळ. रेनकोटचा उरलेला भाग मात्र दुसऱ्या फेरीतच साफ.

करपलेल्या तळासाठी द्राव लागतो, आणि द्राव म्हटलं की पूर्ण गार गाडी. हे वाक्य मी दोनदा लिहायला तयार आहे. ॲसिटोन उणे वीस अंशांवरही पेट घेण्याइतकी वाफ सोडतो. थिनर आणि पेट्रोल त्याचेच भाईबंद. तापलेल्या पाईपवर यातलं काहीही ओतणं म्हणजे होळीला निमंत्रण. गार पाईपवर मात्र ते गुणी आहेत. पीव्हीसी आणि पॉलियुरेथेनवर ॲसिटोन किंवा रंगाच्या दुकानातला थिनर काम करतो: विरघळवतो असं नाही, फुगवतो, आणि फुगलेला थर धातूला सोडतो. नेलपॉलिश रिमूव्हरच्या बऱ्याच बाटल्यांत ॲसिटोनच असतो, डाग लहान असेल तर तेवढं पुरतं. बोळा भिजवून डागावर ठेवायचा, वर प्लास्टिकचा कागद झाकायचा म्हणजे उडून जात नाही, आणि दहा मिनिटं त्याच्याकडे पाहायचंही नाही. मग कामटी. खऱ्या रबराचा चिकटा असेल तर ॲसिटोनपेक्षा थिनर बरा. आणि डाग बुटाचा नसून रस्त्यावरच्या डांबराचा असेल, जो खंबाटकी किंवा पसरणीच्या घाटात रस्त्याचं काम चालू असताना हमखास उडतो, तर हे काहीच नको; रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्यानं तो पाच मिनिटांत उतरतो.

द्राव वापरताना दोन गोष्टी झाका. टाकीच्या आणि साईड पॅनेलच्या रंगावर थिनरचा एक थेंब उडाला तर क्रोमचा डाग जाऊन रंगाचा डाग येईल. आणि मागच्या चाकाची डिस्क. बऱ्याच गाड्यांवर ती सायलेन्सरच्याच बाजूला असते. तिच्यावर पॉलिश, तेल किंवा वॅक्स लागलं तर पहिल्याच उतारावर ब्रेक दगा देईल. एक पिशवी बांधून ठेवा. (बंदीतली असली तरी इथे चालेल.)

आमचा तपकिरी तळ थिनरलाही पुरता बधला नाही. पीव्हीसी करपताना त्यातला क्लोरीन आम्लाच्या वाफेच्या रूपानं निघून जातो आणि मागे कोळशासारखं काहीतरी उरतं; कोळसा कशात विरघळणार? परदेशी मंडळी अशा वेळी ओव्हन साफ करायचा फवारा मारतात. त्या फवाऱ्यात मुख्यतः कॉस्टिक सोडा असतो. आपल्याकडे ओव्हन घरोघरी नाही, पण साबण करणाऱ्यांकडचा कॉस्टिक सोडा मिळतो. क्रोम अल्कलीला दाद देत नाही, म्हणून हे चालतं. ॲल्युमिनियमला मात्र कॉस्टिक खातो, आणि बुलेटचं इंजिन कव्हर ॲल्युमिनियमचंच. त्यामुळे हा शेवटचा उपाय, आणि तो करायचाच तर असा: प्लास्टिकच्या मगात लिटरभर पाणी, त्यात दोन चहाचे चमचे सोडा हळूहळू सोडायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही, उसळतं. हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा. कापडाची लहान पट्टी भिजवून फक्त डागावर ठेवायची, थेंब खाली इंजिनावर ओघळू द्यायचे नाहीत, पंधरा मिनिटांनी काढून भरपूर पाण्यानं धुवायचं. सायलेन्सरच्या तोंडात पाणी जाऊ नये म्हणून बोळा कोंबायचा, आणि नंतर तो काढायला विसरायचं नाही. आम्ही विसरलो होतो. गाडी चालू होऊन लगेच बंद पडली तेव्हा मिस्त्री नुसते हसले.

शेवटची झाक घासून येते. स्वयंपाकघरातली तारेची घासणी नको, ती फार जाड आणि चिवट. हिरवा स्क्रब तर मुळीच नको: त्यात एमरीच्या जातीचे कण असतात, नवाच्या कठीणपणाचे, ते क्रोमला सरळ कापतात. काचपेपरचंही तेच. तांब्या-पितळेची पावडर आंबट आणि रवाळ, दोन्ही अर्थांनी नको. हवं ते रंगाच्या चांगल्या दुकानात मिळणारं, चार शून्यांचं म्हणून विकलं जाणारं, केसापेक्षा बारीक तारांचं स्टील वूल, आणि तेही इंजिन ऑइलचे दोन थेंब लावून. ते नसेल तर पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियमचा कागद. चुरगळून गोळा करायचा, पाण्यात बुडवायचा, हलक्या हातानं गोल फिरवायचा. ॲल्युमिनियम धातू पितळेहूनही मऊ, त्यामुळे क्रोमला धोका नाही, पण घासताना त्याच्यावरचा ऑक्साईड बारीक भुकटीच्या रूपानं सुटतो आणि तीच पॉलिशचं काम करते. काळपट चिखल तयार होतो. घाबरू नका, पुसा. सुरुवातीचे गंजाचे ठिपकेही याच गोळ्यानं निघतात. शेवटी ब्रासोचा हलका हात, मऊ फडकं, आणि आरसा परत.

आम्लाविषयी एक शब्द, कारण 'सगळं साफ करणारं' म्हणून संडास-बाथरूमचं क्लीनर फासलेले सायलेन्सर मी पाहिले आहेत. सांगली जिल्ह्यात, विट्याच्या परिसरातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर गेली. सोनं-चांदी गाळून शुद्ध करणं हा त्यांचा हातखंडा. कुठला धातू कुठल्या आम्लाला वश होतो, हे त्या धंद्याचं मूळ. नायट्रिक आम्लात चांदी विरघळते, सोनं जसंच्या तसं राहतं. क्रोमियमची गंमत अशी, की नायट्रिकसारख्या दांडग्या आम्लाला तो सहसा जुमानत नाही, आणि हायड्रोक्लोरिकपुढे मान टाकतो. प्लेटिंगवाले जुनं क्रोम उतरवायला हेच आम्ल वापरतात. संडास धुण्याच्या बऱ्याच क्लीनरांत तेच असतं. डाग जाईल, त्याबरोबर क्रोमही. पीव्हीसी दिव्यानं किंवा ब्लो टॉर्चनं जाळून टाकायचा मोह होतो तोही याच कारणानं टाळायचा: जळताना सुटणारी वाफ हायड्रोक्लोरिकचीच, छातीलाही वाईट, क्रोमलाही.

बेंड पाईपवर इंजिनाजवळ जी सोनेरी-जांभळी-निळी छटा दिसते ती बुटाची नव्हे, तिच्या नादी लागू नका. पत्रा फार तापला की पृष्ठभागावरचा ऑक्साईडचा पदर जाड होतो आणि पाण्यावर सांडलेल्या तेलासारखे रंग दिसतात. ती घासून गेली तरी पुढच्या घाटात परत येते. फारच निळं होत असेल तर कार्ब्युरेटरचं मिश्रण किंवा टायमिंग तपासून घ्यावं.

अलीकडच्या गाड्यांना मात्र ही सगळी कृती लावू नका. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पाईपमध्ये सर्रास आला, तो स्वतःच तापतो, आणि पुष्कळ कंपन्यांनी सायलेन्सर मॅट काळ्या रंगाचा केला. त्या रंगाला थिनर लावला तर डागासकट रंग जाईल. तिथे बर्फ, कामटी आणि कोमट साबणपाणी, एवढ्यावर भागवायचं. चुंबक लावून क्रोम ओळखा असं कोणी सांगतं. ते अर्धवट आहे. क्रोमखाली पोलाद असतं म्हणून चुंबक चिकटतो हे खरं, पण सायलेन्सरसाठी वापरलं जाणारं स्टेनलेसही बऱ्याचदा चिकटतं. त्यापेक्षा रंग पाहा: क्रोम निळसर आणि आरशासारखं, स्टेनलेस किंचित करडं, आणि जवळून पाहिलं तर घासल्याच्या बारीक रेघा असलेलं.

आणि क्रोम खरोखरच उडालं असेल, खाली पिवळट निकेल किंवा तांबूस पोलाद दिसत असेल, तर घासून काही होणार नाही. पुन्हा प्लेटिंग करणं हा मार्ग कागदावर आहे, पण बरेच प्लेटिंगवाले वापरलेला सायलेन्सर घ्यायला नाखूश असतात. आतली काजळी आणि तेल त्यांच्या टाकीतलं रसायन नासवतं. नवा सायलेन्सर बसवणं मग सोपं पडतं.

जाता जाता स्कूटरची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही, कारण मी साताऱ्याचा. १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्यातल्या कारखान्यातून 'प्रिया' बाहेर पडायची. तिचा सायलेन्सर पोटाखाली दडवलेला, पाय सपाट फळीवर, पुढे छातीएवढी ढाल. क्रोमचा दिमाख नाही, पण वितळलेल्या बुटाची गोष्ट 'प्रिया'वाल्याला सांगितली तर ती त्याला परीकथा वाटायची. म्हैसूरच्या कारखान्यातून तेव्हा येणाऱ्या येझदीचं उलटं: दोन्ही बाजूंना एकेक लांब चकचकीत सायलेन्सर. आपल्याकडे बाकीच्या बऱ्याच गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे आणि साडी गार्ड डावीकडे, म्हणून एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या बाईची साडी आणि चप्पल वाचते. येझदीवर तीही सोय नव्हती.

आमचा काळा डाग निघायला दोन दिवस गेले. तरी बुटाच्या टाचेची एक फिकट सावली कडेच्या उजेडात दिसते, ती मुद्दाम ठेवली असं भाचा मित्रांना सांगतो. सांगलीला परत निघताना त्यानं पँटीचे पायचे गुंडाळून त्यावर माझ्या वडिलांच्या सायकलच्या दोन लोखंडी क्लिपा लावल्या. त्या कपाटात चाळीस वर्षं पडून होत्या. पायात यावेळी चामडी बूट. गाडी चालू झाल्यावर सायलेन्सरवरून दोन मिनिटं निळसर धूर आणि ब्रासोचा वास येत राहिला, मग गेला.